नेपच्यूनचा दुसरा डोस

जालना जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांना पावसाळा म्हणजे सर्पदंशाचे दिवस. कापसात निंदायला गेलेल्या बाईला, रात्रीच्या लाइटीवर मोटार सुरू करायला गेलेल्या माणसाला पान लागतं आणि घरचे त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून भोकरदनला, अंबडला, परतूरला घेऊन येतात. डॉक्टर एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरची लस, द्यायचं ठरवतात. कुप्यांतली पांढरी भुकटी पाण्यात विरघळायला वेळ लागतो. तेवढ्यात सिस्टर एक वेगळंच औषध सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये हाताशी ठेवते. ते अ‍ॅड्रिनलिन. सापाच्या विषावरचा उतारा म्हणून ते ठेवलेलं नसतं, ते ठेवलेलं असतं लशीच्या धास्तीने. घोड्याच्या रक्तातून तयार होणारी ही लस काही जणांच्या अंगात गेली, की मिनिटांत गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. जीव वाचवायला दिलेलं औषधच जिवावर उठतं. वैद्यकात याला अ‍ॅनाफायलॅक्सिस म्हणतात.

डॉक्टरांना ही सावधगिरी कुणी शिकवली, याचा माग काढत गेलं की आपण थेट अटलांटिक महासागरात, एका निळ्या तरंगत्या जीवापाशी पोचतो. जालन्यापासून मुंबईचा समुद्र रस्त्याने चारेकशे किलोमीटर. तरी या भागाचा समुद्राशी संबंध जुना आहे. भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. तिथल्या उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना अभ्यासक इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेल्या भारतीय मूर्तीशी करत आले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनचा माल समुद्र ओलांडून रोमपर्यंत जात होता. इथे सांगायची गोष्ट उलट्या दिशेने आली आहे. ती समुद्रात सुरू झाली आणि जालन्यातल्या रुग्णालयाच्या ट्रेपर्यंत पोचली.

तो निळा जीव म्हणजे फायसेलिया. जुन्या खलाशांना त्याच्या फुग्यात शीड उभारलेलं लढाऊ जहाज दिसलं, म्हणून त्यांनी त्याला ‘पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर’ म्हटलं. मुंबईत आता सगळे त्याला ब्लू बॉटल म्हणतात. कोकणातले मच्छीमार जाळ्यात येणाऱ्या जेलीफिशला झार म्हणतात आणि झार अंगाला लागली की काय होतं हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. शास्त्राच्या हिशेबात मात्र ब्लू बॉटल जेलीफिश नव्हे, तिचं चुलत भावंड म्हणता येईल.

ऑगस्टमध्ये नैर्ऋत्येचा वारा किनाऱ्याकडे जोर धरतो, तेव्हा जुहू, अक्सा, गिरगावच्या वाळूत भरतीच्या ओल्या रेषेवर हे जीव पडलेले दिसतात. वाकून पाहिलं तर आधी दिसतो तो फुगा. बोटाएवढा, पारदर्शक, निळसर, कडेला गुलाबी-जांभळी झाक. त्याच्या माथ्यावर एक चुणीदार पापुद्रा उभा असतो, तेच त्याचं शीड. खाली निळ्याशार सुतांचा गुंता, आणि त्यातलं एक सूत बाकीच्यांपेक्षा कितीतरी लांब, वाळूत वेडंवाकडं पसरलेलं. अटलांटिकमधली जात याहून खूप मोठी. तिचा फुगा वीतभर किंवा त्याहून मोठा आणि सुतं कधीकधी 30 मीटरपर्यंत खोल लोंबणारी. फुग्यातल्या वायूत कार्बन मोनॉक्साइडही असतो, आणि तो हा जीव आपल्याच अंगात तयार करतो. काहींचं शीड डावीकडे कललेलं, काहींचं उजवीकडे. त्यामुळे एकाच वाऱ्याने निम्मे एका दिशेला जातात, निम्मे दुसऱ्या, आणि सगळा कळप एकाच किनाऱ्यावर येऊन संपत नाही.

पोहणं त्याला येत नाही. वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जायचं. आणखी नवल म्हणजे तो एक प्राणी नाही, ती वसाहत आहे. जुन्या गावगाड्यात जसं प्रत्येक बलुतेदाराचं काम ठरलेलं असे, तसं इथे आहे. एकाने तरंगायचं, काहींनी भक्ष्य पकडायचं, काहींनी पचवायचं, काहींनी फक्त प्रजोत्पादन करायचं. पकडणाऱ्याला तोंड नाही, पचवणाऱ्याला शीड नाही. सगळे एकाच अंड्यातून कळ्या फुटत तयार झालेले, आणि सुटे झाले तर एकही जगायचा नाही. मग याला एक म्हणायचं की अनेक? एकोणिसाव्या शतकातल्या प्राणिशास्त्रज्ञांना या प्रश्नाने चांगलंच घोळवलं. पुढे डार्विनचा खंदा समर्थक म्हणून गाजलेला थॉमस हेन्री हक्सली 1846 साली ‘रॅटलस्नेक’ या ब्रिटिश जहाजावर दुय्यम डॉक्टर म्हणून निघाला, तेव्हा त्याने पहिल्या पहिल्यांदा चिरून पाहिलेल्या जीवांत फायसेलिया होता. उष्ण हवेत हे नाजूक शरीर पाहता पाहता विरघळायचं. जहाज हलत असताना, सूक्ष्मदर्शक घट्ट बांधून, त्याने ते काम केलं. 1859 साली त्याचा समुद्री हायड्रोझोआंवरचा मोठा ग्रंथ आला. पण हक्सलीचं कुतूहल रचनेचं होतं. विषाचा प्रश्न तसाच राहिला.

विष असतं त्या सुतांत. सुतावर सूक्ष्म डंखपेशींच्या रांगा असतात. प्रत्येक पेशीत एक कुपी, कुपीत गुंडाळलेली पोकळ, टोकदार नळी. माशाचा किंवा माणसाचा स्पर्श झाला की कुपीचं झाकण उघडतं आणि नळी उलटी होत बाहेर झेपावते, कातडीत घुसते, विष सोडते. फायसेलियाच्याच गोतावळ्यातल्या हायड्रा या गोड्या पाण्यातल्या जीवात ही हालचाल मोजली गेली आहे. डंख सुटायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. या पेशींना मेंदूच्या हुकमाची गरज नसते. म्हणून वाळूत मेलेली, सुकत आलेली ब्लू बॉटलही चावते. लहान मुलं रंगाला भुलून ती उचलतात, आणि मनगटावर चाबकाच्या वळासारखी लाल, मणी ओवल्यागत ठिपक्यांची रेघ उमटते. 2018 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर दोनेक दिवसांत दीडशेच्या आसपास लोकांना असे दंश झाल्याच्या बातम्या होत्या. गणपती विसर्जनाच्या आधी अनवाणी पाण्यात उतरू नका असा इशारा प्रशासन देतं, त्यात पाकटाबरोबर या निळ्या जीवांचंही नाव असतं.

आता 1901 साल. ते साल मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण या कथेचे तीन वेगवेगळे धागे त्याच वर्षी एकमेकांच्या नकळत विणले जात होते. पहिलं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक त्या वर्षी एमिल फॉन बेहरिंगला मिळालं, घटसर्पावरच्या रक्तजललशीसाठी. जनावराला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात उतारा तयार होऊ द्यायचा, आणि ते रक्तजल आजारी मुलाला द्यायचं, ही त्यामागची युक्ती. त्याच वर्षी जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत प्राण्यांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून शुद्ध स्फटिकरूपात मिळवलेल्या अ‍ॅड्रिनलिनची माहिती जगापुढे मांडली. आणि त्याच उन्हाळ्यात ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ नावाचं जहाज केप व्हर्द आणि अझोर्स बेटांच्या पाण्यात फिरत होतं.

जहाज होतं मोनॅको या चिमुकल्या संस्थानाचे अधिपती प्रिन्स अल्बर्ट पहिले यांचं. समुद्रविज्ञान हे या माणसाचं वेड. जहाजावर प्रयोगशाळा होती आणि दर मोहिमेला ते शास्त्रज्ञांना बरोबर घेत. या वेळी पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेतले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक शार्ल रिशे होते, वय पन्नाशीचं, आणि त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान पॉल पोर्तिए. या पाण्यात फायसेलियाचे निळे फुगे जागोजागी तरंगत. खलाशी त्यांना बादलीत धरत, आणि कुणाचा हात सुतांना लागला तर तो कळवळून उठे. स्वतः प्रिन्सने आणि त्यांचे विज्ञान-सहायक ज्यूल रिशार यांनी पाहुण्यांना सुचवलं की या विषाचा अभ्यास करा. इतक्या नाजूक सुताला मासा नुसता टेकला तरी जागच्या जागी लुळा पडतो, यामागे जबरदस्त विष असलं पाहिजे.

रिशे आणि पोर्तिए यांनी डोलणाऱ्या जहाजावरच काम सुरू केलं. सुतं कापायची, कुटायची, त्यांचा अर्क काढायचा आणि कबुतरांना, गिनीपिगना टोचायचा. प्राणी सुस्त पडत, सुन्न होत, वेदनेची जाणीव हरवत. गुंगी आणणारं म्हणून त्यांनी या विषाला ‘हिप्नोटॉक्सिन’ असं नाव दिलं. इथपर्यंतचं काम चांगलं होतं, पण युगप्रवर्तक नव्हतं. त्या मोहिमेत एवढंच झालं असतं तर आज रिशेचं नाव मोजक्या अभ्यासकांनाच माहीत असतं.

खरी गोष्ट घडली ती परतल्यावर, आणि इथे एक दुरुस्ती करायला हवी. अ‍ॅनाफायलॅक्सिसचा शोध फायसेलियाच्या विषातून लागला असं पुष्कळदा लिहिलं जातं. तसं नाही. प्रश्न फायसेलियाने दिला, उत्तर दुसऱ्याच जीवाने. पॅरिसमध्ये फायसेलिया मिळायची सोय नव्हती. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या खडकांना चिकटलेली समुद्रफुलं मात्र हवी तेवढी मिळत, आणि त्यांच्या पाकळ्यांतही तशाच डंखपेशी असतात. रिशेंनी ती मागवली, ग्लिसरिनमध्ये त्यांचा अर्क काढला आणि कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. विषाची मारक मात्रा किती, हे ठरवायचं होतं. जास्त मात्रा मिळालेले कुत्रे चार-पाच दिवसांनी मरत. ज्यांना कमी मिळालं ते जगत. जगलेल्यांना पुरतं बरं होईपर्यंत सांभाळायचं आणि मग पुन्हा प्रयोगात घ्यायचं, असा शिरस्ता होता.

या कुत्र्यांत नेपच्यून होता. मोठा, ताकदवान, धडधाकट. पहिल्या टोचणीनंतर त्याला फारसं काही झालं नाही. तीन आठवडे उलटून गेल्यावर, तो अगदी ठणठणीत असताना, त्याला पुन्हा तेवढीच लहानशी मात्रा दिली गेली. पाश्चरच्या परंपरेत वाढलेल्या कुठल्याही फ्रेंच शास्त्रज्ञाची अपेक्षा अशी असणार, की आधी विष पचवलेला कुत्रा आता जास्त कणखर झालेला असेल. काही सेकंदांतच नेपच्यूनला धाप लागली. पाय ओढत तो जेमतेम सरकला, मग कुशीवर कलंडला. जुलाब झाले, रक्ताची उलटी झाली, आणि पंचविसाव्या मिनिटाला तो मेला.

अशा वेळी सोपं असतं ते चूक मानणं. अर्क बिघडला असेल, मात्रा चुकली असेल, कुत्र्याला आतून काही आजार असेल. रिशे आणि पोर्तिए यांनी ही वाट घेतली नाही, आणि त्यांचं मोठेपण मला इथेच दिसतं. त्यांनी दुसऱ्या कुत्र्यांवर तेच करून पाहिलं. पुन्हा तेच. मग मधलं अंतर बदललं. दुसरी मात्रा तीन-चार दिवसांत दिली तर असं काही होत नाही, तीन आठवडे जाऊ दिले की होतं. याचा अर्थ विष शरीरात साचून राहत नव्हतं. साचत असतं तर लवकर दिलेली दुसरी मात्रा जास्त घातक ठरली असती. मधल्या दिवसांत बदलत होता तो कुत्रा. पहिल्या मात्रेने त्याच्या शरीराला काहीतरी शिकवलं होतं, आणि त्या शिकवणीला पक्कं व्हायला वेळ लागत होता. दुसऱ्या खेपेला विष तेवढंच होतं, आकांत मांडला होता तो शरीराने स्वतः.

15 फेब्रुवारी 1902 रोजी दोघांनी हे पॅरिसच्या जीवशास्त्र परिषदेपुढे मांडलं आणि संरक्षणाच्या उलट घडणाऱ्या या प्रकाराला अ‍ॅनाफायलॅक्सिस हे नाव दिलं. त्या काळच्या वैद्यकाला हा विचार गिळायला जड होता. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्या बाजूने लढते, यावर तर अख्खं लसीकरण उभं होतं. तीच शक्ती आपल्यावर उलटू शकते हे मान्य करायला वेळ लागला. पण डॉक्टरांच्या अनुभवाशी ते जुळत होतं. घटसर्पाची लस घेतलेल्या काही मुलांना ताप यायचा, पुरळ उठायचं, सांधे सुजायचे, क्वचित एखादं मूल दगावायचं. व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी 1905 साली या ‘रक्तजलाच्या आजारा’वर पुस्तकच लिहिलं, आणि पुढच्या वर्षी पिर्केने अ‍ॅलर्जी हा शब्द जगाला दिला. आज आपल्याकडे शेंगदाण्याने ओठ सुजलेल्या पोराची आजीही तो शब्द वापरते. रिशेंना 1913 चं नोबेल मिळालं. पोर्तिए त्यात वाटेकरी नव्हते, ही गोष्ट मला आजही खटकते, कारण जहाजावरच्या पहिल्या दिवसापासून हात त्यांचेही होते. आणि ज्या कुत्र्यांच्या जिवावर हे ज्ञान मिळालं त्यांतल्या एकाचं तरी नाव नोंदीत राहिलं, हे बरं झालं.

तिकडे रक्तजलाची युक्ती सापांपर्यंत आधीच पोचली होती. सायगॉनच्या पाश्चर संस्थेत काम केलेल्या आल्बेर काल्मेतने 1890 च्या दशकात घोड्यांना नागाचं विष थोडं थोडं टोचून पहिली सर्पविषरोधक लस केली. भारतात आधी कसौलीला आणि पुढे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत अशी लस तयार होऊ लागली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी एकच लस आली. लाखो जीव तिने वाचवले आहेत. पण ती घोड्याच्या प्रथिनांची आहे, आणि माणसाचं शरीर परकं प्रथिन ओळखतं. काही जणांत तर पहिल्याच वेळी, आधी कधी लस घेतलेली नसतानाही, तसाच उद्रेक होतो. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं मेली, वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. बहुतेक मृत्यू खेड्यांतले, पावसाळ्यातले. त्यांत पुष्कळसे असे, की माणूस दवाखान्यात वेळेवर आलाच नाही. मांत्रिकाकडे बसून राहण्यात तास गेले. म्हणून लशीच्या उलटण्याची ही सगळी हकिकत वाचून कुणी लशीला भिऊ नये. उलटलेल्या लशीला उतारा आहे, घोणसाच्या विषाला लशीवाचून उतारा नाही.

तो उतारा म्हणजे ताकामिनेचं अ‍ॅड्रिनलिन. सैलावलेल्या रक्तवाहिन्या ते आवळतं, आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करतं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. औषध स्वस्त आहे, कुपी बोटाच्या पेराएवढी, आणि फरक काही मिनिटांत दिसतो. 1901 सालचे तिन्ही धागे ग्रामीण रुग्णालयातल्या त्या ट्रेमध्ये एकत्र आलेले असतात.

फायसेलियाच्या दंशावरचा इलाज मात्र फार उशिरा नीट तपासला गेला. कुणी बर्फ सांगे, कुणी लिंबू, कुणी वाळू चोळायला सांगे. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या किनाऱ्यांवर 96 जणांवर केलेली चाचणी 2006 साली प्रसिद्ध झाली. 45 अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात वीस मिनिटं अंग ठेवलेल्यांपैकी 87 टक्के लोकांची वेदना उतरली, बर्फ लावलेल्यांपैकी 33 टक्क्यांचीच. तेव्हा सुट्टीत जालन्याहून मुंबई-अलिबागला गेलेल्या कुटुंबाने एवढं लक्षात ठेवावं: चिकटलेली सुतं उघड्या हाताने न धरता काढायची, चोळायचं नाही, सोसवेल तितक्या गरम पाण्यात तो भाग बुडवायचा. आणि श्वास अडकू लागला किंवा अंगभर गांधी उठल्या तर घरगुती उपायांत वेळ न घालवता सरळ रुग्णालय गाठायचं. मोठ्या अटलांटिक जातीने क्वचित माणसं मेल्याची नोंद आहे. आपल्याकडच्या लहान ब्लू बॉटलचा दंश सहसा वेदनेवर निभावतो. इतकी वर्षं जगभरचे सगळे फायसेलिया एकाच जातीचे मानले जात. 2025 साली जनुकांच्या अभ्यासातून त्या निदान चार जाती असल्याचं पुढे आलं.

या इतिहासाचा आणखी एक अध्याय आहे, आणि त्याचा नायक जालन्याचा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म 1951 साली भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावी, गरीब शेतकऱ्याच्या घरात झाला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर झाले आणि 1976 साली रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू पुष्कळ. सरपण काढताना, भाताचा पेंढा उचलताना, चपलेत पाय घालताना तो डसायचा, आणि धडधाकट माणसं, विशेषतः मुलं, एका रात्रीत फुफ्फुसात पाणी भरून मरायची. तेव्हा विंचवाच्या दंशाने फार तर वेदना होतात, एवढंच पुस्तकांवरून समजायचं.

बावस्करांजवळ प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी खाटेशेजारी बसून रुग्ण पाहिले, रात्र-रात्र, तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवत. उलटी, दरदरून घाम, बर्फासारखे गार पडलेले हातपाय ही लक्षणं दिसली की काही तासांत हृदय धोक्यात येणार, हे त्यांनी ताडलं आणि 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. विंचवाचं विष स्वतः हृदय पोखरत नव्हतं. ते मज्जातंतूंना पेटवत होतं, आणि शरीर आपल्याच अ‍ॅड्रिनलिनचा आणि त्याच्या भावंडांचा पूर सोडत होतं. रक्तवाहिन्या आवळून जात, हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता येईना. पॅरिसच्या कुत्र्यांत जे दिसलं होतं त्याच्याशी याचं नातं आहे. दोन्हीकडे विषाची मात्रा थोडी आणि मारणारी असते ती शरीराची स्वतःची प्रतिक्रिया. जे अ‍ॅड्रिनलिन एएसव्हीच्या उद्रेकात जीव वाचवतं, तेच इथे जीव घेत होतं.

मग उपाय सरळ होता, पण तो सुचायला त्या खाटेशेजारच्या रात्री लागल्या. रक्तदाबासाठी मिळणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी अ‍ॅड्रिनलिनचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम अडवते. बावस्करांनी ती द्यायला सुरुवात केली. 1986 साली त्यांचा प्राझोसिनवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण शंभरातल्या तीस-चाळीसवरून एक-दोनवर उतरलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीने होत्या. 2022 साली हिंमतरावांना पद्मश्री मिळाली, तेव्हा देहेडच्या लोकांना झालेला आनंद आपण समजू शकतो.

पण प्राझोसिनच्या यशावर ते थांबले नाहीत. 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बावस्कर पती-पत्नीची चाचणी प्रसिद्ध झाली. विंचूदंशाचे 70 रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरची घोड्याच्या रक्तातली लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण लशीच्या गटात 35 पैकी 32, दुसऱ्या गटात 35 पैकी 8. ज्या गोळीने त्यांना जगभर नाव दिलं, ती एकटी पुरेशी नाही, असं सांगणारा हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच पुढे ठेवला. लस म्हटली की अ‍ॅनाफायलॅक्सिसची भीती आलीच. पण लाल विंचू डसलेल्या माणसांत ती लस क्वचितच उलटते, असं डॉक्टरांना आढळलं आहे. त्याचं कारण ते असं देतात की लस टोचण्याआधीच विंचवाने त्या माणसाच्या रक्तात भरपूर अ‍ॅड्रिनलिन सोडायला लावलेलं असतं.